५३१चा स्टिकर पुरेसा नाही: जुन्या सायकल फ्रेमची नळी ओळखण्याची पद्धत

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की एखादी तरी जुनी फ्रेम नजरेस पडते, आणि हल्ली तिच्यावर 'रेनॉल्ड्स ५३१' या नावाजलेल्या इंग्लिश नळीचा स्टिकरही असतो. स्टिकर ऑनलाइन मागवता येतो, तो चिकटवायला पाच मिनिटं पुरतात आणि भाव मात्र कुठल्या कुठे जातो. उलटही घडतं. खरोखरीची हलकी, परदेशी फ्रेम पावडर कोटिंगच्या जाड थराखाली नाव-गाव हरवून भंगाराच्या भावात पडून असते. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच: नळीबद्दल नळीलाच विचारायचं. सीटच्या नळीचं भोक, चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) उभी नळी आणि बीबीच्या (पायडलचा एक्सल बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) आतली बाजू या तीन जागा फारसं खोटं बोलत नाहीत. स्टिकर सगळ्यात शेवटी वाचायचा.

नळी-नळीत फरक काय असतो

साध्या नळीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची असते. चांगल्या फ्रेमची नळी जोडाजवळ जाड आणि मध्ये पातळ असते. तिला 'बटेड' म्हणतात. जोडाला आच लागते आणि ताणही तिथेच जास्त येतो, म्हणून जाडी तिथे ठेवायची आणि मधलं वजन काढून टाकायचं. बाहेरचा व्यास सगळीकडे तोच राहतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी या पद्धतीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. त्यांच्याच कंपनीची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ नळी १९३५ मध्ये आली. पुढे जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही तीच वापरली गेली. इटलीत मिलानच्या कोलंबसने क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरलं, जपानच्या तांगे आणि इशिवाता यांनीही तेच. फ्रान्समध्ये व्हितूस होती.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. ५६० मिमी लांबीचा, २५.४ मिमी व्यासाचा वरचा दांडा १.६ मिमी जाडीचा असेल तर त्याचं वजन सुमारे ५२५ ग्रॅम भरतं. तोच ०.६ मिमीचा असेल तर साधारण २०५ ग्रॅम. एका नळीत तीनशे ग्रॅमहून जास्त फरक.

'५३१ची फ्रेम लवचिक असते, दाबून बघा' असं सांगणारे भेटतील. दाबून काही कळत नाही. साधं पोलाद असो की भारी मिश्रधातू, लवचिकतेचा गुणांक जवळपास सारखाच असतो. मिश्रधातूमुळे ताकद वाढते, त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते आणि फ्रेमची लवचिकता त्या पातळ भिंतीतून येते. म्हणून आपली तपासणी आधी जाडीची. धातू नंतर.

पुण्यात काय सापडू शकतं

पुण्यात सायकली अमाप होत्या. खडकी आणि देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यांत जाणारे कामगार, कॉलेजची पोरं, दूधवाले, पोस्टमन, सगळेच सायकलवर. त्या बहुतेक काळ्या रोडस्टर: आसनसोलच्या सेन-रॅलेची रॅले नि हंबर, मद्रासच्या टी.आय. सायकल्सची हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए, वरळीची हिंद, सोनीपतची अॅटलस, लुधियानाची हिरो नि अॅव्हॉन. कॅम्पात आणि जुन्या बंगल्यांत थेट इंग्लंडहून आलेल्या गाड्याही होत्या. मुंबई-पुणे शर्यतीत उतरणाऱ्यांकडे हलक्या रेसिंग फ्रेम असायच्या, त्यातल्या काही आजही माळ्यावर आहेत. नव्वदीनंतर परदेशातून परतणाऱ्यांनी सामानासोबत जपानी आणि युरोपीय गाड्या आणल्या, त्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात फिरतात.

इथे एक गैरसमज मुळातच काढायला हवा. रेनॉल्ड्स १९२८ पासून इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती, आणि मद्रासची टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये त्याच समूहाशी भागीदारी करून निघाली. त्यावरून 'आजोबांच्या बीएसएत रेनॉल्ड्सच असणार' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. कंपन्यांचं नातं हे मालकीचं. डबलसीट, वर गहू दळायचा डबा आणि मागे कॅरिअरवर गॅसचं सिलिंडर नेणाऱ्या गाडीला अर्ध्या मिलिमीटरची भिंत कोण देईल? रोडस्टरची नळी जाड आहे म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. ती ज्या कामासाठी बनवली त्या कामाला ती योग्यच आहे.

हाताशी काय हवं

डिजिटल व्हर्नियर, छोटं लोहचुंबक, बारीक टॉर्च, कागदाची पट्टी, लटकवायचा काटा, गंज सोडवणारं तेल. रविवार पेठेत बोहरी आळीत यातलं बहुतेक मिळतं. मोबाइलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा असेल तर उत्तम.

आणखी एक वस्तू करून घ्या, कारण ती या सगळ्या कामाचा कणा आहे: पायऱ्यांचा गेज. पुण्यात टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. नऱ्हे-धायरीला, भोसरीला गल्लोगल्ली लेथ आहेत. माइल्ड स्टीलच्या गोल सळईवर २५.०, २५.४, २५.८, २६.०, २६.२, २६.४, २६.६, २६.८, २७.० आणि २७.२ मिमी अशा पायऱ्या टर्न करून घ्यायच्या, प्रत्येक १५ ते २० मिमी लांब, सगळ्यात बारीक पायरी पुढे. 'गो-नोगो गेजसारखं' एवढं सांगितलंत की तो समजून जाईल. मापात चूक नको, पाच शतांशाच्या आत ठेव, हे मात्र बजावून सांगा.

पहिली पायरी: चुंबक आणि नजर

चुंबक तिन्ही मुख्य नळ्यांना आणि चिमट्याला लावून बघा. हा पोरखेळ वाटेल, पण सडपातळ नळ्यांच्या, बाहेरून सांधे (लग) असलेल्या काही सुंदर फ्रेम अॅल्युमिनियमच्या असतात. इटलीची अलान आणि फ्रान्सची व्हितूस ९७९ अशाच, गोंदाने चिकटवलेल्या. चुंबक चिकटला नाही तर पुढचं सगळं गणित गैरलागू.

मग जोड बघा. लग म्हणजे नळ्या जिथे मिळतात तिथला बाहेरचा सांधा. त्याची कड पातळ घासून गोलसर केलेली आहे, की जाड आणि ओबडधोबड तशीच सोडलेली? नेर्व्हेक्सच्या नक्षीदार लगांसारखे लग असतील तर बनवणाऱ्याने वेळ दिला आहे एवढं कळतं. पण लगवरून नळी ओळखू नका. सुबक लगांत साधी नळीही घातलेली असते.

मागचं चाक ज्या खाचेत बसतं तो ड्रॉपआऊट जास्त बोलका. पत्र्यातून कापलेला, सपाट आणि कडा सरळ असेल तर फ्रेम बहुधा स्वस्तातली. ठोकून घडवलेला, जाड, त्यावर काम्पान्योलो, शिमानो, सनटूर, झेउस, सिंप्लेक्स किंवा ह्यूरे असं नाव कोरलेलं असेल तर पुढे जायला हरकत नाही. रोडस्टरला खाच मागच्या बाजूला उघडते, तिथे हा प्रश्नच नाही.

दुसरी पायरी: बाहेरचा व्यास

सीटच्या नळीचा व्यास मधोमध मोजा, लगपासून दूर. इंग्लिश, इटालियन, जपानी आणि आपल्याकडच्या फ्रेममध्ये तो २८.६ मिमी म्हणजे बरोबर नऊ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सव्वा इंचाहून एक सूत कमी. वरचा दांडा २५.४ मिमी, एक इंच. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये सीटची नळी २८ मिमी आणि वरचा दांडा २६ मिमी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरपासून जाडजूड 'ओव्हरसाइज' नळ्या आल्या: खालची तिरकी नळी ३१.८, वरचा दांडा २८.६.

अडचण रंगाची. एका बाजूचा ०.१ मिमीचा थर व्यासात ०.२ मिमी घुसडतो, पावडर कोटिंग त्याहून जास्त. म्हणून कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळून, जिथे टोक येतं तिथे पेन्सिलची खूण करून परीघ मोजा. २८.६ मिमी नळीचा परीघ जवळजवळ ९० मिमी, २८ मिमी नळीचा ८८. दोन मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवरही लपत नाही. एखाद्या न दिसणाऱ्या जागी, बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूखाली वगैरे, रंग आधीच उडालेला असेल तर तिथेही व्हर्नियर लावून खात्री करा.

हा टप्पा गाळू नका. पुढच्या टप्प्यात सगळं यावर अवलंबून आहे.

तिसरी पायरी: सीटच्या नळीचं भोक

सीट पिलर, म्हणजे सीटखालचा दांडा, काढायचा. जाम झाला असेल तर बोल्ट पूर्ण काढून तेल सोडा, रात्रभर ठेवा, सीट लावूनच डावी-उजवीकडे हलवा. पान्याने पिलर चिरडून काढला तर मापही गेलं आणि कडही.

पिलरसोबत पत्र्याची पट्टी बाहेर येते का बघा. ढिला पिलर घट्ट करायला आपले मेकॅनिक डब्याचा पत्रा गुंडाळून आत ठोकतात, आणि अशा पत्र्यांचे दोन-दोन थर निघालेले आहेत. पिलरवर कोरलेलं माप म्हणूनच पुरावा धरायचं नाही. कुणीतरी बारीक पिलर पत्र्याच्या आधाराने बसवलेला असतो. शिवाय रोडस्टरचा पिलर वरच्या टोकाला, सीटच्या क्लॅम्पसाठी, बारीक केलेला असतो. त्याचं माप खालच्या भागात घ्यावं लागतं.

आता भोक. लगच्या चिरेजवळ बोल्टने दाबून ते अंडाकृती झालेलं असतं. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना खोलवर पोहोचता येत नाही, म्हणून तिथलं माप फसवं. भोकातला गंज पॉलिश पेपरने पुसून घ्या, चीर हलकेच मूळ रुंदीला आणा आणि गेज आत सोडा. जी पायरी हाताच्या जोराने, खडखडाट न करता आत जाते ते तुमचं माप. ठोकायचं नाही. गेज नसेल तर वेगवेगळ्या मापाचे पिलर असलेल्या जुन्या दुकानात फ्रेम घेऊन जा आणि एकेक घालून बघा.

मग साधी वजाबाकी. बाहेरच्या व्यासातून पिलरचं माप वजा करा, सरकण्यापुरत्या फटीसाठी आणखी ०.२ मिमी वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा. ती झाली भिंतीची जाडी.

२८.६ च्या नळीत २७.२ चा पिलर जात असेल तर भिंत ०.६ मिमी. हे हलक्या, उत्तम नळीचं लक्षण: ५३१ डबल बटेड, कोलंबस एसएल, अशा घराण्यातलं. २७.० गेला तर ०.७, म्हणजे कोलंबस एसपीसारखी जरा भक्कम नळी. २६.६ किंवा २६.८ म्हणजे ०.८ ते ०.९, मधल्या दर्जाची, बहुधा साधी सारख्या जाडीची नळी. आणि काळ्या रोडस्टरमध्ये २५.४ च्या आसपास, म्हणजे भिंत दीड मिमीच्या बरोबरीने. जुने लोक ज्याला सोळा गेज म्हणतात ती १.६ मिमी.

फ्रेंच फ्रेमला हेच गणित इंग्लिश व्यास धरून केलं तर घोटाळा होतो. पिलर २६.४ आहे असं धरा. २८.६ मधून काढलं तर जाडी १ मिमी येते, म्हणजे 'साधी' नळी. प्रत्यक्षात व्यास २८ असेल तर जाडी ०.७ मिमी आणि फ्रेम चांगली. परिघाची पट्टी गुंडाळायला सांगितली ती याचसाठी.

लक्षात ठेवायची एक गोष्ट: सीटची नळी बहुतेक वेळा एकाच टोकाला, खाली बीबीजवळ, जाड असते. वर पिलरच्या बाजूला ती पातळच असते. त्यामुळे हे माप पातळ भागाचं आहे. आणि ते एकाच नळीबद्दल बोलतं, बाकीच्या नळ्यांची हमी देत नाही.

चौथी पायरी: बीबीच्या आत

पायडलचे क्रँक आणि एक्सल काढा. कॉटर पिन असेल तर क्रँकखाली भक्कम आधार देऊनच ठोका, नाहीतर पिन वाकते आणि धक्का छर्ऱ्यांवर बसतो. बेअरिंगच्या वाट्या काढल्या की शेल (बीबीची आडवी पोकळ नळी) स्वच्छ पुसा आणि टॉर्चच्या उजेडात तिरक्या नळीत, सीटच्या नळीत बघा.

नळीच्या आत सरळ, लांबच लांब बारीक उंचवटा दिसला तर ती शिवणीची नळी: पट्टी गोल वळवून वेल्ड केलेली. रोडस्टरमध्ये हे नेहमीचं. शिवण नसेल, आतली बाजू गुळगुळीत असेल तर बिनशिवणीची नळी, म्हणजे चांगल्या दर्जाकडे एक पाऊल. पण चांगल्या प्रतीच्या शिवणीच्या नळीत ती रेषा घासून काढलेली असते, म्हणून शिवण दिसली नाही यावर एकट्याने निकाल देऊ नका.

आतल्या भिंतीवर बंदुकीच्या नळीत असतात तसे वळणदार उंचवटे दिसले तर मात्र थांबून बघा. कोलंबस एसएलएक्समध्ये बीबीच्या टोकाला असे पाच उंचवटे असतात. टीएसएक्समध्ये ते नळीभर जातात. एसएलएक्सचा खोटा स्टिकर लावणाऱ्याला हे उंचवटे आत बनवता येत नाहीत.

शेलची रुंदी आणि आटे देश सांगतात. ६८ मिमी रुंद, उजवी वाटी उलट्या आट्यांची, इंचाला २४ आटे: इंग्लिश पद्धत, जपानीसुद्धा. ७० मिमी आणि दोन्ही वाट्या सुलट्या: इटालियन. ३५ मिमी व्यास, १ मिमी पिच, दोन्ही सुलट्या: फ्रेंच. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे आटे स्वतःचेच, इंचाला २६. दुसरी वाटी बसवायच्या आधी हे तपासा. पुण्यात कुठेतरी कुणीतरी चुकीची वाटी पान्याच्या जोरावर चढवून आटे खाल्लेली फ्रेम रोज निपजत असावी.

पाचवी पायरी: चिमटा

चिमटा काढून त्याची उभी नळी पुसा. हेडच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) आत झाकलेली असल्याने ती रंगाऱ्याच्या तावडीतून सुटते, आणि नळी बनवणारे आपला शिक्का नेमका तिथे मारतात. 'रेनॉल्ड्स', 'कोलंबस' (जोडीला कबुतर), 'तांगे' असं खालच्या भागात दिसू शकतं. गंज असेल तर पितळी ब्रशनेच घासा. पोलादी ब्रश आणि ग्राइंडर शिक्का पुसून टाकतात.

खालून, चिमट्याच्या मुकुटातून, बोट आत घाला. कोलंबसच्या उभ्या नळीत खालच्या टोकाला तेच पाच वळणदार उंचवटे हाताला लागतात. एसएल आणि एसपीतही. मुकुटाच्या वर जिथे खालची बेअरिंगची रेस बसते ती जागा मोजा: २७.० मिमी असेल तर जपानी पद्धत, २६.४ असेल तर युरोपीय पद्धतीकडे कल. हँडलचा स्टेम २२.२ मिमीचा बसतो की फ्रेंच २२.० चा, तेही बघा. या मापांनी नळी सिद्ध होत नाही, पण 'इटालियन कोलंबस' म्हणून दाखवलेल्या फ्रेमला जपानी रेसची जागा असेल तर प्रश्न विचारायला हवा.

चिमटा बदललेला असू शकतो, अपघातात सगळ्यात आधी तोच जातो. त्याचा पुरावा फ्रेमला लावायचा असेल तर लगची धाटणी, रंगाचा खालचा थर, जोडकाम जुळतंय का बघा.

आता स्टिकर

इथवर आल्यावर स्टिकर वाचायचा. रेनॉल्ड्सच्या ट्रान्सफरवरची, म्हणजे कारखान्यातच लावलेल्या मूळ स्टिकरवरची, बारीक अक्षरं महत्त्वाची. 'बटेड ट्यूब्ज, फोर्क्स अँड स्टेज' म्हणजे तिन्ही मुख्य नळ्या, चिमटा, मागचे स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) सगळं ५३१. 'प्लेन' लिहिलं असेल तर ५३१च, पण सारख्या जाडीची. केवळ 'फ्रेम ट्यूब्ज' लिहिलेलं असेल तर तीन मुख्य नळ्याच, बाकी साधं पोलाद. ही प्रामाणिक माहिती होती, आजचे विक्रेते ती वाचत नाहीत.

मूळ ट्रान्सफर पातळ असतो, त्याची कड बोटाला लागत नाही. वय झालेल्या वॉर्निशखाली तो पिवळसर पडतो, बारीक तडे जातात. नवा विनाइल स्टिकर उठून दिसतो. मूळ रंगकाम आणि ट्रान्सफर कसे दिसतात याची नजर बसवायची असेल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय एकदा बघून या. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचं गिअरचं हब असेल तर त्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. चाक मूळचं असेल तर गाडीचं वय तिथे हाती लागतं.

एक उदाहरण सांगतो. गडद हिरव्या रंगाची एक फ्रेम, जुन्या बाजारातली, ५३१चा स्टिकर चकाचक. विकणाऱ्याचं म्हणणं, "साहेब, विलायती माल आहे, उचलून बघा की." उचलली, हलकी वाटली. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर, चाकं काहीच नसलेली कुठलीही फ्रेम हलकीच वाटते. परीघ ९० मिमी, म्हणजे २८.६. पिलर ओढला तर कडेने तेलाच्या डब्याच्या पत्र्याची चिंधी आली, अजून त्यावर निळं-पिवळं छापील सूर्यफूल होतं. पत्र्याशिवाय २५.४ ची पायरी गेली, २५.८ अडली. तिथेच निकाल लागला होता: भिंत दीड मिमी. पुढे शेलमध्ये शिवणही दिसली. रोडस्टर म्हणून ती फ्रेम झकास होती, सरळ, सांधे पक्के. रोडस्टरच्या भावाने घेतली आणि स्टिकर ब्लोअरने सोलून टाकला.

वजन, आणि लॅब

नुसती फ्रेम, चिमटा आणि वाट्या काढून, काट्याला लटकवा. मध्यम मापाची ५३१ डबल बटेड फ्रेम दोन किलोच्या आसपास भरते. रोडस्टरची तीनच्या बरीच वर. मधले आकडे आले की वजन निर्णायक राहत नाही. फ्रेमचं माप, लग, ड्रॉपआऊट, आतला गंज सगळंच त्यात मिसळलेलं असतं. नाण्याने टकटक करून आवाज ऐकायची पद्धतही आहे. नळीच्या मध्यावर आणि टोकाला सूर वेगळा लागतो. कानावर विश्वास असेल तर करा, मी तिला पुरावा मानत नाही.

धातू नक्की कोणता हे जाणून घ्यायचंच असेल तर आपल्या शहराचा फायदा घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात वाहन उद्योगासाठी धातू तपासणाऱ्या लॅब आहेत. त्यांच्याकडे हातात धरायची एक्स-रे गन असते, ती नळीला न कापता काही सेकंदांत घटक सांगते. क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि थोडं मॉलिब्डेनम दिसलं तर क्रोमोली: कोलंबस, तांगे वगैरे. क्रोमियम नगण्य, मँगनीज दीड टक्क्याच्या घरात आणि मॉलिब्डेनम पाव टक्क्याजवळ असेल तर ५३१चं पोलाद. मँगनीज आहे, बाकी दोन्ही नाहीत, तर साधं कार्बन पोलाद. कार्बन किती ते ही गन सांगत नाही.

दोन अटी पाळा. रंग खरवडून उघड्या धातूवरच मोजा, नाहीतर रंगातलं टायटॅनियम नि शिसं मोजलं जाईल. आणि क्रोम चढवलेल्या चेनस्टेवर किंवा चिमट्याच्या टोकाला गन लावू नका, मुलाम्यातलं क्रोमियम आणि निकेल बघून साधी नळीही क्रोमोली ठरेल. जोडाजवळही नको, तिथे ब्रेझिंगचं (सांधा जोडताना वितळवलेलं) पितळ पसरलेलं असतं.

अल्ट्रासोनिक जाडीमापकाने नळी मध्यावर आणि टोकाला मोजली तर बटेड आहे की नाही हे थेट कळतं. मात्र स्वस्त मापकं १ मिमीच्या खाली वाचतच नाहीत, काहीतरी आकडा दाखवतात तो दुप्पट जाडीचा असू शकतो. अर्धा मिमी मोजणारं यंत्र आहे का, हे लॅबला आधी विचारा. रंगावरून मोजलं तर रंगाचा थर त्याच्या खऱ्या जाडीहून जास्त मोजला जातो, म्हणून इथेही नळी उघडी हवी.

ओळख पटल्यावर

नळी पातळ निघाली तर दुरुस्तीची भाषा बदलते. दीड मिमीच्या रोडस्टरला गल्लीतला गॅसवाला पितळाने सांधा भरून देतो आणि ती वर्षानुवर्षं चालते. ०.६ मिमीच्या नळीवर तोच माणूस, तीच ज्योत, पाच सेकंद जास्त, आणि भोक. मिग किंवा आर्क वेल्डिंग तर अजिबात नको. रेनॉल्ड्स ७५३ उष्णता देऊन कठीण केलेली नळी होती. ती विकत घेण्याआधी कारागिराला नमुन्याचा जोड करून रेनॉल्ड्सकडून पास व्हावं लागे, आणि जोड कमी तापमानाच्या चांदीच्या ब्रेझिंगने करावा लागे. अशी फ्रेम सापडली तर मागचे स्टे नव्या हबसाठी फाकवायचा विचारही करू नका. ५३१चे स्टे जपून, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे फाकवता येतात.

पुण्याच्या पावसाळ्यात पाणी सीटच्या चिरेतून आणि हेडमधून आत जातं आणि बीबीशी साचतं. पातळ नळीला आतला गंज जास्त महाग पडतो, कारण खायला मुळातच कमी धातू असतो. बीबी उघडलेली असतानाच आत टॉर्च मारून गंजाचे फोड बघा, शेलच्या तळाला छोटं भोक नसेल तर पाणी निघायला वाट ठेवा, आणि आतून उकळलेलं जवसाचं तेल फिरवून, फ्रेम उलटसुलट करत दोन दिवस वाळू द्या.

रंग द्यायला देणार असाल तर आधी प्रत्येक शिक्का, नंबर आणि ट्रान्सफर पट्टी बाजूला ठेवून फोटोत घ्या. पावडर कोटिंगवाल्याला सांगा: जाड वाळूचं ब्लास्टिंग नको, बारीक ग्रिट, कमी दाब, एकाच जागी नोझल धरून ठेवायचं नाही. भट्टीच्या दोनशे अंशांच्या आसपासच्या आचेने ब्रेझिंगला काही होत नाही. चिमट्याची उभी नळी, बीबीचे आटे आणि सीटचं भोक मास्किंग टेपने किंवा रबरी बुचांनी बंद करून मगच फ्रेम त्याच्या हाती द्या, आणि परत आल्यावर पैसे देण्याआधी पिलर सरकतोय का ते तिथेच बघा.